स्वरयंत्रदर्शन : स्वररज्जूंच्या दृश्य परीक्षेची विश्वासार्हता

स्वरयंत्राच्या आतील भाग, विशेषतः स्वररज्जू, आरसा किंवा अन्य प्रकाशीय साधनांच्या साहाय्याने प्रत्यक्ष पाहण्याच्या परीक्षेला ‘स्वरयंत्रदर्शन’ म्हणतात. घोगरेपणा, श्वासावरोध, आवाज बसणे इ. तक्रारींचे कारण शोधण्यासाठी ही परीक्षा करतात. १८५० नंतर ती प्रचारात आली आणि तिच्यामुळेच कंठविज्ञान ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा उदयास आली. डोळ्यांना दिसले ते कितपत खरे मानावे, हा प्रश्न मात्र या परीक्षेबरोबरच जन्मला. एकदा तर एका साम्राज्याच्या वारसाचे प्राण त्यावर अवलंबून होते. या परीक्षेचा इतिहास साधनांच्या सुधारणेचा आहे, तसाच दृष्टीच्या मर्यादा क्रमाक्रमाने उमगण्याचाही आहे.

स्वररज्जू या स्वरयंत्राच्या पोकळीत दोन्ही बाजूंस आडव्या असलेल्या श्लेष्मकलेच्या घड्या होत. त्यांची लांबी पुरुषांत सु. १.५ ते २ सेंमी. व स्त्रियांत सु. १ ते १.५ सेंमी. असते. श्वास घेताना त्या एकमेकींपासून दूर होतात, बोलताना जवळ येतात आणि फुप्फुसांतून येणाऱ्या हवेच्या झोताने कंप पावतात. सामान्य संभाषणात पुरुषांच्या स्वररज्जूंची सेकंदाला सु. १०० व स्त्रियांच्या सु. २०० कंपने होतात. जिभेच्या मुळामागे, काटकोनात वळलेल्या मार्गाच्या तळाशी, अंधारात त्या असल्यामुळे जिवंत माणसाच्या स्वररज्जू पाहणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ अशक्यच होते. त्यांच्याविषयीचे ज्ञान शवविच्छेदनातून आणि प्राण्यांवरील प्रयोगांतून मिळे.

शरीराच्या पोकळ्यांत प्रकाश नेण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न जर्मन वैद्य फिलिप बोत्सीनी (१७७३–१८०९) यांनी केला. मेणबत्ती, आरसा व नळ्या यांच्या त्यांच्या उपकरणाचे वर्णन १८०७ मध्ये प्रसिद्ध झाले. लंडनमध्ये बेंजामिन गाय बॅबिंग्टन (१७९४–१८६६) यांनी १८२९ मध्ये जीभ दाबणारी पट्टी जोडलेला एक लहान आरसा तेथील हंटेरियन सोसायटीपुढे दाखविला. या प्रयत्नांचा उपयोग फारसा कोणी केला नाही.

गायनशिक्षकाचा आरसा : आपल्या स्वररज्जू हलताना पाहून त्यांचे पद्धतशीर वर्णन करणारा पहिला निरीक्षक वैद्य नव्हता, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य होय. मॅन्वेल गार्सीआ (१८०५–१९०६) हे स्पॅनिश घराण्यातील गायनशिक्षक होते. त्यांचे वडील नामांकित गायक होते. मारिया मालिब्रान व पोलीन व्ह्यार्दो या गायिका त्यांच्या भगिनी, तर स्वीडिश गायिका जेनी लिंड ही त्यांची शिष्या. शिकविताना आवाजाची भिन्न क्षेत्रे गळ्यात नेमकी कशी निर्माण होतात, हा प्रश्न त्यांना सतत पडे. १८५४ च्या सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या पाले रॉयाल परिसरात फिरत असताना काचेवर चमकलेल्या सूर्यकिरणामुळे आपल्याला आरशाची कल्पना सुचली, असे त्यांनी पुढे सांगितले. शस्त्रवैद्यकीय उपकरणांचे विक्रेते शारिएर यांच्याकडून त्यांनी लांब दांड्याचा दंतवैद्याचा आरसा विकत घेतला. तो गरम पाण्यात बुडवून, कोरडा करून घशाच्या मागील बाजूस टेकविला व हातातील दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला. त्यांना आपले उघडे स्वरद्वार दिसले.

या निरीक्षणांवरील निबंध विल्यम शार्पी यांनी २४ मे १८५५ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सादर केला. त्यातील वर्णन आजही बहुतांशी ग्राह्य वाटते. तथापि निरीक्षक एकच होता आणि त्याने पाहिलेला गळाही मुख्यतः स्वतःचाच होता. घशाला आरसा लागताच बहुतेकांना उबळ येते. गार्सीआ यांना ती फारशी येत नसावी. शिवाय स्वरोत्पत्तीविषयीची आपली मते त्यांनी १८४० मध्येच पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलेली होती. म्हणजे आरशात काय पाहावयाचे याची कल्पना त्यांच्या मनात आधीपासूनच होती. यात त्यांचे न्यून काही नाही. पण अपेक्षा घेऊनच पाहणारा डोळा हा विषय पुढे पुन:पुन्हा येतो.

वैद्यकीय उपयोगाचे श्रेय व्हिएन्नातील लूटव्हिख टूर्क (१८१०–६८) आणि पेस्ट येथील शरीरक्रियावैज्ञानिक योहान चेर्माक (१८२८–७३) यांच्याकडे जाते. टूर्क यांनी १८५७ च्या उन्हाळ्यात व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील रुग्णांवर आरसा वापरला. ऊन कमी होताच त्यांनी काम थांबविले. त्याच वर्षाच्या अखेरीस चेर्माक यांनी त्यांचे आरसे उसने नेले आणि दिव्याचा प्रकाश अंतर्गोल आरशाने परावर्तित करून हवामानाचे बंधन दूर केले. १८५८ मध्ये दोघांचे लेख प्रसिद्ध होताच अग्रमानाचा कडवट वाद जुंपला. चेर्माक यांनी यूरोपभर फिरून स्वतःच्या गळ्यावर प्रात्यक्षिके दाखविली. पुष्कळ वैद्यांनी प्रथम पाहिलेले स्वरयंत्र असे सवयीच्या, आरसा सहज सोसणाऱ्या माणसाचे होते. रुग्णाच्या बाबतीत काम किती अवघड आहे, हे त्यांना घरी परतल्यावर कळले.

आरशातील चित्र मुळात अपुरे असते. त्यात स्वररज्जूंचा पुढचा भाग वर व मागचा खाली दिसतो. तिरकस कोनामुळे त्यांची लांबी आखडते आणि पुढचा सांधा कंठच्छदाआड (श्वासमार्गावरील झाकणासारख्या उपास्थीआड) लपतो. तो दिसावा म्हणून रुग्णाची जीभ बाहेर ओढून त्याला ‘ई’ म्हणावयास सांगतात. त्या अवस्थेत माणूस बोलू वा गाऊ शकत नाही. म्हणजे ज्या कार्याची परीक्षा करावयाची तेच परीक्षेच्या वेळी बंद असते. स्वररज्जूंची खालची बाजू तर दिसतच नाही.

फ्रीड्रिख यांचे आजारपण : या मर्यादांची सर्वांत कठोर कसोटी १८८७ मध्ये लागली. जर्मन साम्राज्याचे युवराज फ्रीड्रिख यांचा आवाज त्या वर्षाच्या जानेवारीत बसला. ते उदारमतवादी म्हणून ओळखले जात आणि वडील, सम्राट पहिले व्हिल्हेल्म, नव्वदीला टेकलेले असल्यामुळे या आजाराला राजकीय महत्त्व आले. ६ मार्च रोजी बर्लिनमधील वैद्यकाचे प्राध्यापक कार्ल गेरहार्ट यांना आरशात डाव्या स्वररज्जूच्या कडेवर एक लहान गाठ दिसली. तारेच्या फासाने ती काढता येईना, म्हणून विद्युत् दहनाने त्यांनी ती अनेक बैठकींत नष्ट केली व युवराजांना हवापालटासाठी एम्स येथे पाठविले. मेमध्ये ते परतले तेव्हा गाठ पुन्हा वाढलेली होती आणि गेरहार्ट यांनी आणखी एक गोष्ट नोंदविली : डावी स्वररज्जू उजवीच्या मानाने मंदपणे हलत होती. शस्त्रवैद्य एर्न्स्ट फोन बेर्गमान यांनी कर्करोगाचे निदान मान्य करून बाहेरून स्वरयंत्र उघडून गाठ काढण्याचे ठरविले. २१ मे हा दिवसही मुक्रर झाला.

त्याच्या आदल्या दिवशी लंडनचे मोरेल मकेंझी (१८३७–९२) बर्लिनला पोहोचले. चेर्माक यांच्याकडे आरसा शिकलेले आणि १८६३ मध्ये लंडनला कंठरोगांचे रुग्णालय स्थापणारे मकेंझी त्या काळी यूरोपातील सर्वांत अनुभवी स्वरयंत्रदर्शक समजले जात. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय कर्करोग म्हणता येणार नाही, अशी त्यांनी भूमिका घेतली. तत्त्वतः ती निर्दोष होती. २१ मे रोजी संदंशाने काढलेला पहिला तुकडा आणि जूनमध्ये काढलेला अधिक मोठा तुकडा हे दोन्ही विकृतिवैज्ञानिक रूडोल्फ फिरखो (१८२१–१९०२) यांनी तपासले. त्यांना कर्करोग आढळला नाही. मिळालेल्या तुकड्यांवरून संपूर्ण विकाराविषयी मत देता येईल की नाही, हे निश्चित सांगता येत नसल्याची पुस्तीही त्यांनी अहवालात जोडली होती. ती पुढच्या धामधुमीत कोणी फारशी लक्षात घेतली नाही. मेमधील दुसऱ्या प्रयत्नात मकेंझी यांनी निरोगी उजव्या स्वररज्जूला इजा केली, असा गेरहार्ट यांचा आरोप होता. मकेंझी यांनी तो नाकारला. एकाच गळ्यात एकाच दिवशी दोन नामांकित परीक्षकांना दोन वेगळी दृश्ये दिसली, असा याचा अर्थ होतो. नोंद म्हणून त्या दृश्याचे कोणतेही छायाचित्र नव्हते. होती ती फक्त हाताने काढलेली चित्रे आणि आठवण.

शस्त्रक्रिया रद्द झाली. युवराज राणी व्हिक्टोरियांच्या सुवर्णमहोत्सवासाठी इंग्लंडला गेले. सप्टेंबरमध्ये मकेंझी यांना ‘सर’ हा किताब मिळाला. नोव्हेंबरच्या प्रारंभी इटलीतील सान रेमो येथे मकेंझी यांना डाव्या स्वररज्जूच्या खाली, म्हणजे आरशाला कठीण असलेल्या जागी, नवी वाढ दिसली व कर्करोगाची शक्यता त्यांनी मान्य केली. संपूर्ण स्वरयंत्र काढण्याचा पर्याय युवराजांनी नाकारला. ही शस्त्रक्रिया टेओडोर बिलरोट यांनी व्हिएन्नात प्रथम १८७३ च्या अखेरीस केली होती आणि तीत मृत्यूचे प्रमाण मोठे होते. ९ फेब्रुवारी १८८८ रोजी श्वासनालच्छेदन करावे लागले. ९ मार्चला फ्रीड्रिख सम्राट झाले आणि ९९ दिवसांच्या राज्यकालानंतर १५ जूनला मरण पावले. शवपरीक्षेत स्वरयंत्राचा कर्करोग सिद्ध झाला.

दोष कोणाचा, यावर जर्मन वैद्यांनी अहवाल काढला व मकेंझी यांनी पुस्तक लिहून उत्तर दिले. त्या पुस्तकाबद्दल लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने त्यांचा निषेध केला. या वादात राष्ट्राभिमानाचा भाग मोठा होता. वैद्यकीय दृष्ट्या मात्र प्रकरणाचे मर्म वेगळे आहे. गाठीचे बाह्य रूप पाहून जर्मन परीक्षकांनी केलेला तर्क बरोबर ठरला, तरी केवळ रूपावरून तो तितक्याच सहजतेने चुकीचाही ठरू शकला असता. मकेंझी यांनी पुरावा मागितला तो योग्य. पण त्यांनी काढलेले तुकडे पृष्ठभागाचे होते आणि चामखिळीसारख्या वाढणाऱ्या कर्करोगात पृष्ठभाग निर्दोष भासू शकतो. फ्रीड्रिख यांचा अर्बुद या प्रकारचा असावा, असे पुढील काळातील अनेक अभ्यासकांनी सुचविले आहे. साऱ्या पुराव्यांत वजनदार पुरावा होता तो गेरहार्ट यांना दिसलेली मंद हालचाल. तो बाजूला पडला. आजच्या वर्गीकरणात मात्र स्वररज्जूची हालचाल हाच स्वरद्वाराच्या कर्करोगाची पायरी ठरविण्याचा एक मुख्य निकष आहे : हालचाल प्राकृत असल्यास पहिली, मंदावल्यास दुसरी व स्वररज्जू स्थिर झाल्यास निदान तिसरी पायरी मानतात.

हालचालीचा अर्थ : हालचाल दिसणे आणि तिचे कारण कळणे या गोष्टी मात्र भिन्न आहेत. लंडनमध्ये काम करणारे फीलिक्स सेमॉन (१८४९–१९२१) यांनी १८८१ मध्ये असे प्रतिपादले की, स्वरयंत्राच्या तंत्रिकेला क्रमशः इजा होत गेल्यास स्वररज्जू उघडणारे स्नायू आधी व मिटणारे नंतर निकामी होतात. पुढे वाग्नर आणि ग्रोसमान यांनी वरच्या तंत्रिकेची भर घालून वेगळी उपपत्ती मांडली. लुळी स्वररज्जू मध्यरेषेपासून किती अंतरावर उभी आहे हे पाहून तंत्रिकेचा कोणता भाग दुखावला ते सांगण्याची रीत त्यातून रूढ झाली आणि पाठ्यपुस्तकांतून ती पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली. स्नायूंतील विद्युत् क्रियेचे आलेखन १९४४ पासून स्वरयंत्राबाबत उपलब्ध झाल्यावर या रीतीचा पाया ढासळू लागला. दुखावलेली तंत्रिका अंशतः पुन्हा वाढते व भलत्याच स्नायूंना जाऊन मिळते. त्यामुळे स्वररज्जूची जागा बदलते आणि तिच्यावरून इजेचे स्थान विश्वासाने सांगता येत नाही. डोळ्यांनी पाहिले ते खरेच होते; चुकला तो त्यावरून काढलेला निष्कर्ष.

साधनांतील सुधारणा : १८८४ मध्ये कोकेनच्या बधिरीकरणाने उबळ आवरता आली. बर्लिनचे आल्फ्रेड किर्श्टाइन (१८६३–१९२२) यांनी १८९५ मध्ये आरशाविना, सरळ पात्याने जीभ उचलून स्वरयंत्र पाहिले. १९६० नंतर ओस्कार क्लाइनझासर यांनी सूक्ष्मदर्शक जोडून बधिर केलेल्या रुग्णाच्या स्वररज्जूंवर सूक्ष्म शस्त्रक्रिया रूढ केल्या. १९६८ मध्ये जपानमधील सावाशिमा व हिरोसे यांनी तंतुप्रकाशकीवर आधारित लवचिक अंतर्दर्शक नाकावाटे घालून पाहण्याची पद्धत वर्णिली. तीमुळे माणूस बोलत किंवा गात असताना स्वररज्जू पाहता येऊ लागल्या. प्रत्येक सुधारणेची किंमतही होती. भूल दिलेल्या रुग्णाच्या स्वररज्जू स्पष्ट दिसतात, पण त्या स्वर काढीत नाहीत. लवचिक तंतूंच्या चित्रात बारकावा कमी असतो व कडा वाकलेल्या दिसतात. तोंडावाटे घातलेल्या ताठ दुर्बिणीचे चित्र स्पष्ट असते, पण तिथे पुन्हा जीभ ओढलेली आणि ‘ई’ एवढाच स्वर.

कंपने मात्र यांपैकी कोणत्याही साधनाने दिसत नाहीत, कारण सेकंदाला शंभराहून अधिक वेळा होणारी हालचाल डोळ्याला केवळ पुसट पट्ट्यासारखी भासते. यावर म्यूनिकचे माक्स योझेफ एर्टेल (१८३५–९७) यांनी १८७८ मध्ये स्ट्रोबोस्कोपचा उपाय योजला. स्वररज्जू सेकंदाला २०० वेळा कंप पावत असता प्रकाशाचे १९९ झोत टाकले, तर प्रत्येक झोत कंपनाचा किंचित पुढचा टप्पा उजळतो आणि पाहणाऱ्यास सेकंदाला एक असे संथ कंपन दिसते. हे संथ कंपन प्रत्यक्षात घडलेलेच नसते. सु. २०० निरनिराळ्या कंपनांतील एकेक क्षण जोडून ते डोळ्यांत तयार होते. सर्व कंपने सारखी असतील तोवर हा आभास सत्याशी जुळतो. अतिशय घोगऱ्या आवाजात कंपने अनियमित असतात आणि स्ट्रोबोस्कोपचे चित्र थरथरते किंवा निरर्थक होते. म्हणजे ज्या रुग्णांना परीक्षेची सर्वाधिक गरज त्यांच्याच बाबतीत हे साधन दुबळे ठरते. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेने १९४० च्या सुमारास सेकंदाला ४,००० चित्रे घेणाऱ्या चलच्चित्रणाने खरी कंपने दाखविली. पण काही सेकंदांची फिल्म पाहण्यास कित्येक मिनिटे लागत असल्यामुळे ते रुग्णालयात रुजले नाही. १९९६ मध्ये श्वेत्स व स्खुटे यांनी स्वररज्जूंवरील एकाच आडव्या रेषेचे सेकंदाला सु. ८,००० वेळा चित्रण करण्याची पद्धत पुढे आणली.

१९७४ मध्ये मिनोरू हिरानो यांनी स्वररज्जूची रचना सैल आवरण आणि त्याखालील ताठर गाभा अशी स्पष्ट केली. कंपनाच्या वेळी आवरणावरून सरकणारी श्लेष्मल तरंग तेव्हापासून परीक्षकांच्या विशेष लक्षात आली. तरंग नाहीशी झाली तर विकार गाभ्यापर्यंत शिरला असावा, असा तर्क साहजिक होता आणि तो कर्करोगाच्या निदानासाठी वापरलाही गेला. परंतु आवरण जाड झाले तरीही तरंग नाहीशी होते. पांढऱ्या चट्ट्यांच्या अशा पाहणीवरून, खोल शिरलेला कर्करोग व न शिरलेली विकृती यांत भेद करणे विश्वसनीय नाही, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. अशा चट्ट्यांबाबत जीवोतक परीक्षेला पर्याय उरला नाही.

परीक्षकांची परीक्षा : चित्रफितीमुळे एक गोष्ट प्रथमच शक्य झाली. तेच दृश्य अनेक परीक्षकांना, आणि त्याच परीक्षकाला काही आठवड्यांनी पुन्हा, रुग्णाची हकीकत न सांगता दाखविता येऊ लागले. बर्लिनला १८८७ मध्ये जे करता आले नव्हते ते हेच. परीक्षकांतील एकमताचे मापन मात्र वाटते तितके सोपे नाही. दोन परीक्षक प्रत्येकी ८० टक्के स्वरयंत्रे निरोगी ठरवीत असतील, तर त्यांनी डोळे मिटून उत्तरे दिली तरी ६८ टक्के उत्तरे योगायोगाने जुळतील. हा योगायोगाचा भाग वजा करणारा ‘कॅपा’ हा गुणांक जेकब कोएन यांनी १९६० मध्ये सुचविला. या मापाने पाहता, स्वररज्जू हलते की नाही आणि स्वरद्वार पूर्ण मिटते की नाही यांवर परीक्षकांचे बऱ्यापैकी एकमत होते. श्लेष्मल तरंगेचे प्रमाण, ताठरपणा, दोन्ही बाजूंच्या कंपनांतील मेळ यांवर ते पुष्कळ कमी होते. परीक्षक जितका स्वतःशी सहमत असतो तितका तो दुसऱ्याशी सहसा नसतो. समान मोजपट्टी व एकत्रित प्रशिक्षण दिल्यास एकमत वाढते.

सर्वांत अस्थिर ठरली ती लाली व सूज यांची नोंद. जठरातील आम्ल घशापर्यंत आल्याने स्वरयंत्रात होणाऱ्या बदलांसाठी २००१ मध्ये आठ खुणांची, ० ते २६ गुणांची मोजपट्टी अमेरिकेत तयार झाली व सातांहून अधिक गुण विकाराचे द्योतक मानले गेले. ती जगभर पसरली. पुढच्याच वर्षी अशा खुणांबाबत अनुभवी परीक्षकांतही एकमत फार कमी असल्याचे दाखविण्यात आले. कसलीही तक्रार नसलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या ५२ व्यक्तींच्या २००५ मधील पाहणीत बहुसंख्यांच्या स्वरयंत्रात क्षोभाची किमान एक तरी खूण आढळली आणि लवचिक अंतर्दर्शकाने ती ताठ दुर्बिणीपेक्षा अधिक जणांत दिसली. व्यवस्थित गाणाऱ्या गायकांच्या स्वररज्जूंवरही लहानसहान बदल वारंवार आढळतात. रुग्णाने तक्रार सांगितली म्हणजे हेच बदल कारण म्हणून पुढे येतात, आणि मग अनेकांना अनावश्यक औषधे महिनोन्‌महिने घ्यावी लागतात.

अलीकडे निळ्या व हिरव्या प्रकाशाचे अरुंद पट्टे वापरून श्लेष्मकलेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या ठळक करतात. पृष्ठभागाला समांतर जाणाऱ्या वाहिन्या आणि त्याकडे लंबरूपाने येणारे वाहिन्यांचे फास असे दोनच गट पाडणारे साधे वर्गीकरण यूरोपीय कंठविज्ञान संस्थेने २०१६ मध्ये मांडले. दुसरा गट कर्करोगाचा संशय वाढवितो. संगणकाला हजारो चित्रे दाखवून त्याच्याकडून विकृती ओळखविण्याचे प्रयोगही चालू आहेत. जीवोतक परीक्षेने ठरलेले निदान जोडलेली चित्रे त्याला दिली, तर त्याच्या उत्तरांची पडताळणी करता येते. लाली, सूज वा तरंग यांबाबत मात्र त्याला शिकविणारी उत्तरे परीक्षकांनी चित्र पाहूनच दिलेली असतात.